टार्गेट रायफल घ्यायची आहे? परवाना कधी लागतो, कागद कोणते आणि ट्रिगर कसा पारखायचा

नेमबाजी नव्याने सुरू करणाऱ्याला दोन प्रश्न एकदमच पडतात. कमी खर्चात चांगल्या ट्रिगरची रायफल कोणती, आणि तिला परवाना लागेल का? बहुतेकांसाठी दोन्हींचे उत्तर एकच आहे: 10 मीटरची 4.5 मिमी मॅच (म्हणजे स्पर्धेची) एअर रायफल. तिचा ट्रिगर कित्येक महागड्या शिकारी बंदुकांपेक्षा सरस असतो आणि ती परवान्याशिवाय घेता येते. .22 चा, म्हणजे 0.22 इंच व्यासाच्या काडतुसाच्या रायफलीचा विचार त्यानंतर करावा. मात्र त्या अर्जाची तयारी आजपासूनच सुरू करता येते, ती कशी ते पुढे आले आहे.

परवान्याची रेषा कुठे आहे

शस्त्र अधिनियम, 1959 आणि त्याखालील शस्त्र नियम, 2016 यांनुसार एअर रायफल विनापरवाना ठेवण्यासाठी दोन अटी एकाच वेळी पूर्ण व्हाव्या लागतात. नळीचा व्यास 4.5 मिमी म्हणजे 0.177 इंचापेक्षा जास्त नको आणि नळीतून बाहेर पडताना छर्‍याची ऊर्जा 20 ज्यूलपेक्षा जास्त नको. एक अट जरी मोडली तरी परवाना लागतो. त्यामुळे 5.5 मिमीची एअर रायफल कितीही मंद असली तरी ती परवान्याच्या कक्षेत येते. ‘एअरगनला काही लागत नाही’ या ऐकीव माहितीवर तीच विकत घेणारे बरेच जण असतात.

20 ज्यूल म्हणजे किती, हे छर्‍याच्या वजनावरून काढता येते. 10 मीटरसाठीचा सपाट डोक्याचा छर्‍रा साधारण 0.53 ग्रॅमचा असतो. तो सेकंदाला 275 मीटर वेगाने सुटला तर 20 ज्यूल होतात. मॅच रायफल त्याला जेमतेम 170 मीटर वेग देते, म्हणजे ऊर्जा 7.5 ज्यूलच्या आसपास राहते. कागदी लक्ष्याला भोक पाडायला याहून जास्त जोर लागत नाही. उलट जोर वाढला की धक्का वाढतो आणि नेम बिघडतो. जाहिरातीत वेगाचा आकडा मोठ्या अक्षरांत आणि ट्रिगरबद्दल अवाक्षर नाही, अशी रायफल टार्गेटसाठी बनवलेली नाही असे खुशाल समजावे. विकत घेतल्यावर जास्त ताकदीची स्प्रिंग बसवून 20 ज्यूलची मर्यादा ओलांडली, तर ती रायफल विनापरवाना शस्त्र ठरते.

एअर रायफल घेताना विक्रेता ओळखीच्या आणि पत्त्याच्या पुराव्याची प्रत मागतो, ती द्यावी. आपल्या बाजूने बिलावर चार गोष्टी लिहून घ्याव्यात: कंपनी व मॉडेल, अनुक्रमांक, नळीचा व्यास आणि 20 ज्यूलच्या आत असल्याचा उल्लेख. रायफल घेऊन प्रवास करताना कोणी अडवले तर हे बिलच उपयोगी पडते, म्हणून त्याची प्रत रायफलीच्या पेटीतच ठेवावी. अल्पवयीन खेळाडूसाठी घ्यायची असेल तर बिल पालकांच्या नावावर करावे. विमानप्रवासात एअर रायफल केबिनमध्ये नेता येत नाही. कंपनीला आधी कळवून ती चेक-इन सामानात द्यावी लागते.

ट्रिगर पारखताना

आयएसएसएफ या आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या नियमांत 10 मीटर एअर रायफल आणि 50 मीटर रायफल यांच्या ट्रिगरला किमान वजनाची, म्हणजे तो ओढायला लागणाऱ्या जोराची अट नाही. एअर पिस्तुलाला 500 ग्रॅमची आहे. ही मोकळीक असल्यामुळे मॅच रायफलींचे ट्रिगर 100 ग्रॅमच्या आसपास लावलेले असतात, तर साध्या स्प्रिंगच्या रायफलीत हे वजन दीड-दोन किलोपर्यंत जाते. पण खरा फरक वजनाहून जास्त ओढीत असतो. चांगला ट्रिगर दोन टप्प्यांचा असतो. पहिला टप्पा मऊ सरकतो, मग स्पष्ट भिंत लागते आणि त्यापुढे किंचित दाब वाढवला की गोळी सुटते. भिंत लागल्यानंतरही ट्रिगर कुरकुरत, सरकत राहत असेल तर गोळी नेमकी कधी सुटणार हे बोटाला कळत नाही. सुटल्यानंतर ट्रिगर बराच मागे जात असेल तर गोळी नळीत असतानाच रायफल हलते.

तपासणीआधी रायफल रिकामी आहे हे स्वतः पाहावे आणि नळी सुरक्षित दिशेला ठेवावी. दाबलेल्या हवेच्या मॅच रायफलीत कोरड्या सरावाची, म्हणजे ड्राय फायरची सोय असते, ती वापरून किमान वीस वेळा ट्रिगर ओढून पाहावा. भिंत प्रत्येक वेळी एकाच जागी लागायला हवी. स्प्रिंगच्या रायफलीत छर्‍याशिवाय ट्रिगर ओढू नये. समोर हवेचा अडसर नसल्याने पिस्टन थेट आदळतो आणि सील खराब होते. ड्राय फायर अवस्थेत ट्रिगर कॉक करून दस्त्याच्या मागच्या टोकाला तळहाताने थोपटावे. ट्रिगर आपोआप सुटला तर कोणीतरी स्क्रू फिरवून आतली पकड फारच कमी केली आहे. अशी रायफल छर्‍रा भरताना लिव्हर बंद करतानाही सुटू शकते, त्यामुळे दुरुस्तीआधी ती वापरू नये. नवशिक्याने सुरुवातीला वजन 100-120 ग्रॅम ठेवावे आणि त्याचा मोठा वाटा पहिल्या टप्प्यात घ्यावा. फार हलका ट्रिगर लावला की नेम स्थिरावण्याआधीच गोळी जाते, आणि खेळाडू रायफलीला दोष देत बसतो.

नवी वॉल्थर, फाइनवेर्कबाउ, अनशुट्झ किंवा स्टायर आवाक्याबाहेर असेल तर वापरलेली घ्यावी. फाइनवेर्कबाउची 600 मालिका एका झटक्यात हवा दाबणारी आहे. तिला दाबलेल्या हवेचा सिलिंडरच लागत नाही आणि ट्रिगर आजही उत्तम ठरतो. सिलिंडरची वापरलेली रायफल घेताना ट्रिगरच्याही आधी सिलिंडरवरची तारीख पाहावी. स्पर्धेत सिलिंडरची वैधता जास्तीत जास्त 10 वर्षे धरतात आणि ती तपासण्याची जबाबदारी खेळाडूचीच असते. मुदत संपलेला सिलिंडर बदलण्याचा खर्च जमेस धरला की ‘स्वस्त’ सौदा बऱ्याचदा तितका स्वस्त राहत नाही. एअर रायफलीचे वजन 5.5 किलोपर्यंतच चालते आणि दुर्बीण चालत नाही. साध्या साइटची रायफल घेतली तर राज्य आणि क्लब पातळीवरच्या ओपन साइट स्पर्धा खेळता येतात, पण पुढे पीप साइटकडे, म्हणजे बारीक भोकातून नेम धरण्याच्या साइटकडे वळावेच लागते. त्यामुळे पीप साइट बसेल असा खाचेचा पट्टा वर आहे का, हे बघूनच पैसे द्यावेत.

.22 रायफल: आधी सदस्यत्व, मग अर्ज

अधिनियमाच्या कलम 13 मध्ये नेमबाजांच्या कामाची तरतूद आहे. केंद्र सरकारने परवाना किंवा मान्यता दिलेल्या रायफल क्लबच्या अथवा संघटनेच्या सदस्याला लक्ष्यसरावासाठी .22 रायफल हवी असेल, तर परवाना ‘द्यावा’ अशी त्या कलमाची भाषा आहे. इतर अर्जदारांना ‘सबळ कारण’ पटवून द्यावे लागते. म्हणूनच क्लबचे सदस्यत्व, सरावाच्या नोंदी आणि स्पर्धांतले गुण हे तुमच्या अर्जाचा कणा असतात. अर्जात कारण म्हणून ‘स्वसंरक्षण आणि खेळ’ असे दोन्ही लिहिणारे स्वतःचीच बाजू कमकुवत करतात. कारण एकच लिहावे: लक्ष्यसराव.

वय 21 पूर्ण असावे लागते. त्याखालच्या खेळाडूला वयाची 12 वर्षे पूर्ण झाल्यावर प्रौढ प्रशिक्षकाच्या किंवा परवानाधारकाच्या थेट देखरेखीखाली सराव करता येतो. नियमांत ज्युनिअर टार्गेट शूटर असा वेगळा वर्गही आहे. त्यासाठी संघटनेची शिफारस महत्त्वाची ठरते, म्हणून क्लबमार्फतच पुढे जावे. राष्ट्रीय रायफल संघटना म्हणजे एनआरएआय 1951 पासून काम करते. महाराष्ट्रात राज्य संघटना, तिच्याशी संलग्न जिल्हा संघटना आणि क्लब अशी साखळी आहे. क्लबची संलग्नता चालू आहे का, हे सदस्य होण्याआधीच विचारावे. संलग्न नसलेल्या रेंजचे ओळखपत्र अर्जाला जोडून उपयोग होत नाही.

अर्ज नमुना ए-1 मध्ये, एनडीएएल-एएलआयएस या राष्ट्रीय पोर्टलवर भरायचा असतो. पोलीस आयुक्तालय असलेल्या शहरात परवाना प्राधिकारी पोलीस आयुक्त असतात, इतरत्र जिल्हाधिकारी. सोबत पासपोर्ट आकाराचे फोटो, जन्मतारखेचा, ओळखीचा आणि पत्त्याचा पुरावा द्यावा लागतो. शस्त्र सुरक्षित हाताळण्याच्या प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र आणि शस्त्र सुरक्षित ठेवण्याचे हमीपत्रही लागते. शारीरिक व मानसिक आरोग्याच्या वैद्यकीय प्रमाणपत्रात अर्जदार मादक पदार्थांच्या आहारी नसल्याचा स्पष्ट उल्लेख हवा. तो राहून गेला की अर्ज परत येतो, म्हणून डॉक्टरांकडे साधे फिटनेस सर्टिफिकेट न मागता विहित नमुना छापूनच न्यावा. खेळाडूने याशिवाय क्लबचे सदस्यत्व प्रमाणपत्र, संघटनेचे शिफारसपत्र, एनआरएआयचे खेळाडू ओळखपत्र आणि स्पर्धांची गुणपत्रके स्वसाक्षांकित करून जोडावीत.

सर्वांत जास्त अर्ज अडतात ते पत्त्यावर. आधारवर गावाचा पत्ता आणि राहणे शहरात भाड्याने, अशा वेळी पोलीस ठाण्याचा कर्मचारी चौकशीला येतो तेव्हा अर्जदार तिथे सापडत नाही आणि अहवाल प्रतिकूल जातो. आधी पत्ता बदलून घ्यावा, मग अर्ज करावा. दुसरी अडचण नावाची: दाखल्यावर एक स्पेलिंग, पॅनवर दुसरे. प्रलंबित गुन्हा किंवा खटला असेल तर तो लपवू नये. चौकशीत तो निघतोच, आणि मग खोटी माहिती दिल्याचा मुद्दा मूळ प्रकरणापेक्षा जड जातो. शस्त्र ठेवण्याच्या कपाटाबाबत पोलीस प्रत्यक्ष विचारतात. भिंतीला किंवा जमिनीला बोल्टने बसवलेले लोखंडी, कुलूपबंद कपाट दाखवता आले की बोलणे लवकर संपते.

नियमांप्रमाणे पोलीस अहवालाला 30 दिवस आणि अहवाल आल्यावर निर्णयाला 60 दिवस आहेत. व्यवहारात जास्त वेळ जातो, म्हणून अर्ज क्रमांक देऊन लेखी विचारणा करत राहावी. अर्ज नाकारला तर कारणे लेखी मागावीत. सार्वजनिक हिताला बाधा येत नसेल तर ती देणे कलम 14 खाली बंधनकारक आहे. पुरेशी मालमत्ता नाही, एवढ्याच कारणाने परवाना नाकारता येत नाही. कलम 18 खालचे अपील 30 दिवसांत करायचे असते.

परवाना मिळाल्यावर

परवान्यावर दिलेल्या मुदतीत रायफल घ्यावी आणि ती तपासणीसाठी सादर करून अनुक्रमांक नोंदवून घ्यावा. दुसऱ्या परवानाधारकाकडून वापरलेली .22 घ्यायची असेल तर कलम 5 प्रमाणे विक्रेत्याने जिल्हा दंडाधिकाऱ्याला किंवा जवळच्या पोलीस ठाण्याला लेखी कळवावे लागते, आणि त्यानंतर 45 दिवस उलटल्याशिवाय रायफल हस्तांतरित करता येत नाही. आगाऊ रक्कम देताना हा काळ हिशेबात धरावा. खेळाडूने सवलतीत आयात केलेली रायफल असेल तर आयात कागदपत्रांत पुनर्विक्रीची अट आहे का ते वाचावे. जुन्या अनशुट्झच्या 1907 किंवा 1913 मॉडेलचा सौदा ठरवताना ट्रिगरचा प्रकारही पाहावा: 5018 दोन टप्प्यांचा, 5020 एका टप्प्याचा. एअर रायफलीवर दोन टप्प्यांची सवय झालेल्या बोटाला 5018 सोपा जातो. .22 चा ट्रिगर तपासताना रिकाम्या चेंबरवर वारंवार ओढू नये, झाडलेले रिकामे काडतूस किंवा स्नॅप कॅप (सरावाचे नकली काडतूस) घालावी.

अधिनियमाच्या 2019 च्या दुरुस्तीनंतर परवान्याची मुदत 5 वर्षे झाली आणि सर्वसाधारण परवानाधारकाला जास्तीत जास्त दोन बंदुका ठेवता येतात. नामवंत आणि पदकविजेत्या नेमबाजांना फेब्रुवारी 2020 च्या अधिसूचनेने वेगळी सूट आहे. नूतनीकरणाचा अर्ज मुदत संपण्याच्या दोन महिने आधी टाकावा आणि त्यासाठी गेल्या वर्षांतल्या सरावाच्या व स्पर्धांच्या नोंदी क्लबकडून दरवर्षी शिक्क्यासह घेऊन ठेवाव्यात. पाच वर्षांच्या नोंदी एकदम मागितल्या की निम्म्या सापडत नाहीत.