शॉर्ट सर्किट की खराब अर्थ? गाडीच्या मागच्या दिव्यांचं दुखणं ओळखायचं कसं

पावसाळा लागला की पुण्यातल्या पार्किंगमध्ये एक निदान हमखास ऐकू येतं: "मागे कुठेतरी शॉर्ट झालंय." ब्रेक लाइट मंद लागतो, म्हणून शॉर्ट. ब्रेक दाबला की टेल लाइट विझतो, म्हणून शॉर्ट. इंडिकेटर दिला की शेजारचा दिवा लुकलुकतो, तेही शॉर्टच. मग हार्नेस (वायरींचा जुडगा) उघडलं जातं, रिले बदलला जातो, कधी स्टिअरिंगखालचा अख्खा कॉम्बिनेशन स्विच नवा बसतो आणि पुढच्या पावसात गाडी पुन्हा तिथेच उभी. या तिन्हींपैकी एकही खूण शॉर्ट सर्किटची नाही. तिन्ही खुणा खराब अर्थच्या, म्हणजे दिव्यातून करंट परत जाण्याची वाट (अर्थिंग) बिघडल्याच्या आहेत.

शॉर्ट सर्किट सगळ्यांना माहीत असतं, त्यामुळे थोडक्यात. बल्बपर्यंत जाणाऱ्या वायरचं कव्हर सोललं, तांबं बॉडीच्या पत्र्याला टेकलं, करंटला बल्बमधून जायची गरज उरली नाही आणि फ्यूज उडाला. दिवा मंद होत नाही, तो जातो. नवा फ्यूज घातला की तोही जातो. डिकी उघडतानाच फ्यूज उडत असेल तर बिजागरीजवळच्या रबरी नळीत बघा, हॅचबॅक गाड्यांत वायरी तिथे दुमडून दुमडून सोलतात. सोसायटीत उभ्या गाड्यांचं दुसरं कारण उंदीर. काही नव्या गाड्यांत दिव्यांचा करंट कंट्रोल मॉड्यूल सांभाळतं आणि फ्यूज न उडवता लाइन बंद करतं, तेवढा अपवाद लक्षात ठेवा. आणि १० अँपिअरचा लाल फ्यूज सारखा उडतो म्हणून तिथे २० चा पिवळा घालणाऱ्याला गाडीला हात लावू देऊ नका. फ्यूज वितळला नाही तर वायर वितळते.

बल्ब उडणं किंवा वायर तुटणं ओळखायला डोकं लागत नाही. एका बाजूचा इंडिकेटर अचानक भराभर वाजू लागला तर आधी त्या बाजूचे बल्ब बघा, बाकीचं नंतर.

आता खरा मुद्दा. बल्बला करंट येण्यासाठी जेवढी वाट लागते तेवढीच परत जाण्यासाठी लागते. गाडीत ही परतीची वाट, म्हणजेच अर्थ, म्हणजे दिव्यामागची एक वायर आणि ती जिथे पत्र्याला आवळली आहे तो बोल्ट. बहुतेक गाड्यांत मागच्या एका बाजूचे सगळे दिवे, म्हणजे टेल, ब्रेक, इंडिकेटर, रिव्हर्स, हीच एक वाट वापरतात. तो बोल्ट गंजला की करंट थांबून राहत नाही, मिळेल त्या दुसऱ्या वाटेने जातो. गच्चीवरची मोरी तुंबली की पाणी जिन्यातून उतरतं, तसंच.

दुहेरी फिलामेंटचा (आत पेटणाऱ्या दोन तारांचा) २१/५ वॅटचा बल्ब घ्या. त्यात ब्रेकचं २१ वॅटचं आणि टेलचं ५ वॅटचं फिलामेंट, दोघांचा अर्थ एकच. अर्थ तुटला आणि तुम्ही ब्रेक दाबला तर करंट २१ वॅटच्या फिलामेंटमधून येतो, पुढे रस्ता नाही म्हणून ५ वॅटच्या फिलामेंटमधून उलटा शिरतो आणि टेलच्या वायरीने पलीकडच्या बाजूचा टेल लाइट, नंबर प्लेटचा दिवा, काही गाड्यांत डॅशबोर्डचे दिवेसुद्धा गाठतो. त्यांचा अर्थ ठीक असतो, म्हणून ते मंद पेटतात.

रात्री हाच दोष जास्त घातक होतो. पार्किंग लाइट चालू असताना टेलचं फिलामेंट आपली परतीची वाट ब्रेकच्या फिलामेंटमधून शोधतं आणि जवळजवळ नेहमीसारखं पेटतं. चालवणाऱ्याला सगळं ठीक वाटतं. ब्रेक दाबताच ती वाटही बंद होते, कारण दोन्ही वायरींवर १२ व्होल्ट आले. करंटला उतार उरत नाही आणि त्या बाजूचा दिवा ब्रेक लावण्याच्या नेमक्या क्षणी विझतो. नवले पुलाच्या उतारावर मागे भरलेला ट्रक असताना असं होणं म्हणजे काय, हे पुणेकरांना सांगायला नको. म्हणूनच "एक दिवा जरा मंद लागतो, बघू दसऱ्याला" हे ऐकलं की मला राग येतो.

तेव्हा ओळखण्याची कसोटी अशी: एक दिवा लावल्याने दुसरा दिवा बदलतो का? बदलत असेल तर अर्थ बघा. शॉर्टला शेजारच्या दिव्याशी देणंघेणं नसतं.

मग "मीटर लावून बघितलं, अर्थ ओके आहे" असं सांगणारे भेटतात. त्यांनी बल्ब काढून, मल्टिमीटर बीपवर (वायर जोडलेली असली की वाजतो त्या सेटिंगवर) ठेवून बघितलेलं असतं. बीप देताना मीटर अगदी नगण्य करंट सोडतो. वायरीच्या आतल्या दहा तारांपैकी एक शिल्लक असली तरी तो आनंदाने वाजतो, आणि कित्येक मीटर तर २०-३० ओहमलाही वाजतात. पेटलेल्या २१ वॅटच्या बल्बचा स्वतःचा रोध जेमतेम ७ ओहम असतो. तिथे अर्थमध्ये अर्धा ओहम आला तरी खेळ बिघडतो: एकटा ब्रेक लाइट लावला तर अर्थवर पाऊण व्होल्टच्या आसपास वाया जातो, पण ब्रेक, टेल आणि इंडिकेटर एकत्र लागले की दीड व्होल्टच्या वर. फिलामेंटच्या बल्बला व्होल्टेज दहा टक्के कमी मिळालं तर उजेड जवळपास तीस टक्के घटतो.

म्हणून अर्थ तपासायचा तो सगळे दिवे चालू ठेवून. मीटर २० व्होल्ट डीसीवर. एक टोक बॅटरीच्या मायनसला (वायर पुरत नसेल तर डिकीच्या कुलपाच्या उघड्या लोखंडाला), दुसरं होल्डरच्या अर्थ पिनला. कुणाला तरी ब्रेकवर पाय ठेवून बसवा. आकडा ०.१-०.२ व्होल्टच्या आत हवा. अर्ध्या व्होल्टच्या पुढे गेला तर बोल्ट उघडा. मीटर नसेल तर होल्डरच्या अर्थपासून साफ पत्र्यापर्यंत एक जाड वायर तात्पुरती लावा, दिवे लगेच सुधारले तर निदान झालं. पिन अर्थचीच आहे याची मात्र खात्री करा. चुकून लाइव्हला लावलीत तर आता खरोखर शॉर्ट होईल.

दुरुस्तीत माझा एक हट्ट आहे: जुनाच बोल्ट नीट करा. पत्र्यात नवा स्क्रू ठोकून दिलेला अर्थ रंगावर बसतो आणि भोकातून गंज सुरू होतो. बोल्ट काढा, रंग आणि गंज पॉलिश पेपरने घासून पत्रा चकचकीत करा, वायरच्या टोकाची रिंगही घासा, दातेरी वॉशर घालून घट्ट आवळा आणि आवळून झाल्यावर वरून व्हॅसलिन लावा. वायर आतून हिरवी पडली असेल तर लाल तांबं दिसेपर्यंत मागे कापत जा, कारण ती हिरवळ कव्हरच्या आतून पुढे सरकते. जोड क्रिम्प करून (धातूच्या नळीत दाबून) त्यावर आतून गोंद असलेली हीट श्रिंक नळी, म्हणजे गरम केली की आवळून बसणारी. नुसती काळी चिकटपट्टी नको, ती एप्रिल-मेच्या उन्हात पाझरते आणि जूनमध्ये सुटते. होल्डर वितळला असेल तर घासत बसू नका, नाना पेठेत वायरीसकट नवा मिळतो.

काम झालं की वायरिंगवाल्याकडून गाडी ताब्यात घेताना टेल, ब्रेक आणि इंडिकेटर तिन्ही एकदम लावायला सांगा, आणि तो मीटरचा आकडा स्वतःच्या डोळ्यांनी बघा.