काटा स्थिर आहे; पण बरोबर आहे का?

‘आता जीपीएस आहे, मग विमानात व्हीओआरसारखी जुनी रेडिओ यंत्रं कशाला?’ हा प्रश्न हमखास ऐकू येतो. उपग्रहाचे संकेत जमिनीजवळ पोचेपर्यंत इतके क्षीण होतात की ते गुदमरवून टाकायला फारशी ताकद लागत नाही. तेव्हा ‘व्हीओआर संपलं’ ही घोषणा जरा घाईचीच.

व्हीओआर म्हणजे जमिनीवरचं दिशादर्शक केंद्र, १०८ ते ११७.९५ मेगाहर्ट्झवर चालणारं. समजा, दीपगृहाचा झोत फिरतोय आणि तो उत्तरेकडे वळला की चहूकडून दिसणारा एक दिवा लुकलुकतो. लुकलुकीनंतर झोत आपल्यावर यायला किती वेळ लागला, त्यावरून आपण कोणत्या दिशेला आहोत ते कळतं. व्हीओआरचा झोत सेकंदाला ३० फेऱ्या मारतो. रिसीव्हरला मिळतात ३० हर्ट्झच्या दोन लहरी, एक फिरती आणि एक संदर्भाची. त्यांच्यातलं कलांतर, म्हणजे एक लहर दुसरीच्या किती मागे आहे ते अंतर, हीच आपली दिशा.

आता हिशेब करू. एक फेरी ३३.३ मिलिसेकंदांची, म्हणून एक अंश साधारण ९३ मायक्रोसेकंदांचा. नेहमीच्या व्हीओआरमध्ये फिरती लहर एएम पद्धतीने (संकेताची ताकद कमीजास्त करत) येते, तर संदर्भलहर ९९६० हर्ट्झच्या उपवाहकावर, म्हणजे मुख्य संकेतावर स्वार झालेल्या दुसऱ्या लहरीवर, एफएमने (वारंवारता कमीजास्त करत) बसवलेली असते. त्यामुळे रिसीव्हरमध्ये दोघींच्या वाटा वेगळ्या, फिल्टर वेगळे. एका वाटेवरचा कपॅसिटर म्हातारा झाला आणि लहर ४०० मायक्रोसेकंद रेंगाळली, की दिशा चार अंशांहून जास्त चुकली. १११ किलोमीटरवर ही चूक ८ किलोमीटरची होते! वैमानिकासमोरचा दिशेचा काटा मात्र अगदी स्थिर, आणि उपकरणावरचा धोक्याचा झेंडाही (बिघाडाची खूण) दिसत नाही. कारण झेंडा फक्त संकेत पुरेसा आहे की नाही एवढंच सांगतो.

म्हणून काही विमानतळांवर व्हीओटी नावाचं चाचणी केंद्र असतं. ते दोन्ही लहरी मुद्दाम एकाच कलेत सोडतं, त्यामुळे विमान कुठेही उभं असो, रिसीव्हरने ३६० अंश ‘फ्रॉम’ (केंद्रापासून) किंवा १८० अंश ‘टू’ (केंद्राकडे) दाखवायला हवं. अमेरिकेच्या नियमांत इथे ४ अंशांची सूट आहे, हवेतल्या तपासणीत ६ अंशांची. तिथे व्हीओआरच्या भरवशावर इन्स्ट्रुमेंट नियमांनी, म्हणजे बाहेर न बघता उपकरणांच्या आधारे उडायचं, तर मागच्या ३० दिवसांत अशी तपासणी झालेली लागते. विमानातले दोन रिसीव्हर एकमेकांशी ताडून पाहिलेलंही चालतं, पण दोघेही एकाच बाजूला चुकत असतील तर ते छान जुळतील!

व्हीओटीवर एकच दिशा तपासली जाते. बाकीच्या दिशांसाठी कार्यशाळेत सिग्नल जनरेटर जोडून कलांतर फिरवत जातात. मग संकेत हळूहळू क्षीण करतात, एकेक लहर काढूनही बघतात. तेव्हा झेंडा आलाच पाहिजे. नाही आला तर दिशा कितीही अचूक असो, रिसीव्हर विमानात परत बसवत नाहीत.