नर नसला तरी मादी शॅमेलिऑन अंडी घालते : मातीचा डबा आधीच ठेवा

आमच्याकडून शॅमेलिऑनसाठी पिंजरा घेऊन गेलेले ग्राहक काही महिन्यांनी घाबऱ्याघुबऱ्या फोन करतात, "आमच्याकडे नरच नाही, मग ही अंड्यावर कशी आली?" कोंबड्याशिवाय कोंबडी अंडी देतेच ना, तसंच हे. येमेन आणि सौदी अरेबियातल्या व्हेल्ड शॅमेलिऑन या रंग बदलणाऱ्या सरड्याची मादी पाच-सहा महिन्यांची झाली की एकटी असली तरी अंडी धरू शकते. त्यांतून पिल्लं निघत नाहीत, पण ती अंडी बाहेर पडावीच लागतात. उकरायला जागा मिळाली नाही तर मादी ती पोटात धरून ठेवते आणि त्यातच दगावू शकते.

म्हणून पाच महिने भरायच्या आत अंडी घालायला माती भरलेला डबा पिंजऱ्यात ठेवा. लांबी, रुंदी आणि खोली प्रत्येकी किमान 30 सेंमी हवी. डबा पारदर्शक नको. वाळू धुतलेली, गोल कणांची घ्या. बांधकामाची क्रश सँड टोकदार असते, ती वापरू नका. नुसतं कोकोपीटही चालत नाही, बोगदा ढासळतो. वाळूत थोडी खत न घातलेली माती मिसळा, पाणी शिंपडा आणि मूठ दाबून पाहा. लाडू वळला पाहिजे, पण बोटांतून पाणी गळता कामा नये. मग बोट खुपसून भोक पाडा. ते तसंच उभं राहिलं की माती जमली. निदान 20 सेंमी थर भरा आणि वरून डब्यात उतरणारी एक फांदी टेकवा.

खाणं कमी झालं, फांद्या सोडून ती तळाशी फिरू लागली, कोपरे खरवडू लागली की वेळ जवळ आली समजा. इथून पुढे तुमचं काम एकच, तिच्याकडे न बघणं. आमच्या पहिल्या मादीचा बोगदा अर्धा झाला होता. आम्ही कौतुकाने दर तासाला डोकावत राहिलो. तिने आमच्याकडे एक डोळा वळवला, बाहेर आली आणि पुन्हा उकरायला गेलीच नाही. शेवटी शस्त्रक्रिया करावी लागली. ती चूक आजही सलते. पिंजऱ्यावर चादर टाका, मुलांना दूर ठेवा. ती रात्री बोगद्यातच झोपली तरी हात लावू नका. घालून झाली की ती स्वतःच माती ओढून दाबून टाकते.

दिवसा डोळे मिटलेले किंवा खोल गेलेले, पकड सुटलेली, उकरून दमली पण अंडी नाहीत, असं दिसलं तर सरपटणाऱ्या प्राण्यांवर उपचार करणाऱ्या डॉक्टरांकडे त्याच दिवशी न्या. घरी पोट दाबू नका.

अंडी घातल्यावर ती अगदी रोडावते. भरपूर पाणी फवारा, किड्यांना कॅल्शियम लावून द्या. एरवी मात्र लाडाने चारू नका. जास्त खाणं आणि जास्त ऊब मिळाली की अंडी वाढतात. मोठी झालेल्या मादीला एक दिवसाआड तीन-चार किडे पुरतात, दिव्याखाली 27 अंशांच्या आसपास ठेवा.

नराशी जोडी लावली असेल तर अंडी उबवायला काढताना न उलटता, आहेत तशीच उचला. पिल्लं झाली तर केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंद करावी लागते. आपल्या रानातला घोयरा, म्हणजे भारतीय शॅमेलिऑन, मात्र पाळूच नका, त्याला 1972 च्या वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे.

अंडी मोजून तारीख कॅलेंडरवर लिहा. तीन-चार महिन्यांत पुढची खेप येऊ शकते, तेव्हा डबा आवरून ठेवू नका.