बुखारी पहाटे का विझते? कोंबडीच्या शेडमालकांसाठी माहिती

थंडी पडली की आमच्या कोळसा-बुखारीच्या दुकानाचा फोन पहाटेच वाजायला लागतो. "भाऊ, कोयसा जयत नही, नुसता धूर व्हस!" नवापूर, साक्री, पिंपळनेर, नंदुरबार, सगळीकडून हीच तक्रार. काही जण पोती परत घेऊन येतात. तोच कोळसा आम्ही दुकानासमोरच्या बुखारीत, म्हणजे शेड तापवायच्या बंद शेगडीत, पेटवून दाखवतो आणि तो व्यवस्थित जळतो. यात तुमचा अर्धा दिवस जातो, आमचाही, आणि तिकडे पिल्ले गारठतात. म्हणून हे पत्रक. रात्री शेडवर जो माणूस थांबतो त्याला हे नक्की वाचून दाखवा, कारण बुखारी भरणारा तोच असतो.

चूक एकच असते. झोपण्यापूर्वी बुखारी तोंडापर्यंत भरायची, खालची राखेची खिडकी लावायची आणि चिमणीची झडप आवळून टाकायची. कोळसा सकाळपर्यंत पुरावा हा हेतू. घडते उलटेच. दगडी कोळसा तापला की आधी त्यातून वायू निघतो. तो पेटायला जवळ उघडा निखारा लागतो आणि वरून थोडी हवा लागते. निखारा नव्या कोळशाखाली गाडला की वायू न जळता धूर होऊन निघून जातो. तुम्ही पैसे मोजलेली उष्णता अशी चिमणीवाटे बाहेर पडते. पाइपात काजळी धरते, ओढ आणखी कमी होते. साठलेला वायू कधी एकदम भडकला तर बुखारीचे दार उघडून ज्वाळा बाहेर येते, आणि खाली तूस पसरलेले असते.

भरण्याची रीत अशी. आधी जाळी हलवून राख खाली पाडा. निखारे लोखंडी गजाने चिमणीच्या बाजूला ओढा. नवा कोळसा दाराच्या बाजूला टाका, पण निखाऱ्यांचा निदान तिसरा हिस्सा उघडा, लाल दिसला पाहिजे. मग वायू त्या निखाऱ्यांवरून जाताना पेटतो. वरच्या दाराचे झरोके पंधरा-वीस मिनिटे उघडे ठेवा, पिवळी ज्वाळा धरली की अर्धे करा. रात्रीसाठी मोठे खडे वापरा, चुरी नको. आणि एकदा रात्री उठावेच लागेल. एका भरणीत सहा-सात तास काढणारी बुखारी असल्याचे कोणी सांगत असेल, तर ती तुमच्या शेडमध्ये आठवडाभर चालवून मगच पैसे द्या.

"तुमची झडप पूर्ण बंद होत नाही, भोक राहिले आहे," असेही ऐकतो. ते भोक आम्ही मुद्दाम पाडतो. हवा कमी पडलेला कोळसा कार्बन मोनॉक्साइड सोडतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तात तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून जास्त पटींनी घट्ट चिकटतो. पिल्ले सुस्त पडतात, पाण्याकडे जात नाहीत, आणि मालकाला वाटते थंडी लागली, म्हणून तो पडदे आणखी घट्ट करतो. शेडमध्ये झोपलेल्या माणसाचे डोके जड झाले, मळमळले, तर आधी त्याला बाहेर मोकळ्या हवेत आणा, मग बुखारीकडे बघा, आणि दवाखान्यात न्या. लाकडाच्या लोणारी कोळशाला धूर नाही म्हणून त्याची उघडी शेगडी शेडमध्ये ठेवणारे आहेत. धूर नसला तरी हा वायू असतोच. उघड्या शेगडीसाठी कोळसा मागितला तर तो बंद जागेत ठेवणार नाही ना, हे आम्ही विचारतोच. राग मानू नका.

पडदे वरून चार बोटे उघडे ठेवा. चिमणी आढ्याच्या वर निदान दोन फूट गेली पाहिजे. छपराखालीच वळवून सोडलेली चिमणी वारा आला की धूर परत आत ढकलते.

आता कोळशाबद्दल. आमच्याकडे यवतमाळ जिल्ह्यातल्या वणी भागातला माल येतो. तो दीर्घकाळ उघड्यावर राहिला की तडकून त्याची चुरी होते, म्हणून आम्ही छपराखाली ठेवतो, चाळतो आणि कोरडा तोलतो. पोत्यामागे आमचा दर थोडा जास्त दिसतो तो यामुळे. ओला कोळसा जास्त वेळ टिकतो असे म्हणत काही जण त्यावर पाणी मारतात. लोहार भट्टीच्या कडेला पाणी शिंपडतो, पण त्याच्याकडे भाता असतो. बुखारीत एक लिटर पाण्याची वाफ करायला सहाशेच्या वर किलोकॅलरी उष्णता फुकट जाते. भिजलेले पोते विकत घेतले तर पाण्याचेही पैसे दिलेच.

धुळ्याकडे डिसेंबर-जानेवारीत रात्रीचा पारा कित्येकदा १० अंशांच्या खाली उतरतो, आणि पहिल्या आठवड्यात पिल्लांच्या उंचीवर ३३ ते ३५ अंश लागतात. नंतर दर आठवड्याला अडीच-तीन अंश कमी करत जा. वीज गेली की बल्ब बंद, म्हणून बुखारी हवीच. पण ती पिल्ले येण्याच्या आदल्या दिवशी पेटवा, म्हणजे तुसाखालची जमीनही तापते. थर्मामीटर भिंतीला उंच टांगू नका, पिल्लांच्या पाठीच्या पातळीवर ठेवा. पिल्ले बुखारीपाशी गोळा झाली तर ऊब कमी आहे, चोच उघडून लांब बसली तर जास्त आहे.

राख पत्र्याच्या डब्यात काढा आणि शेडपासून लांब ठेवा. वरून विझलेली दिसली तरी आत निखारा दुसऱ्या दिवसापर्यंत जिवंत राहू शकतो. बुखारीभोवती तीन फूट तूस नको, खाली विटा घाला. गजाने खालून वर ढवळू नका, राख वितळून खंगर होतो आणि जाळी बुजते.

जाळ्या, चिमणीचे पाइप आणि टोप्या दुकानात तयार असतात. बुखारी आमच्याकडून घेतली असेल तर पहिल्या रात्री आमचा माणूस येऊन भरून दाखवतो, त्याचे वेगळे पैसे नाहीत. दुसरीकडून घेतलेल्या बुखारीची झडप बदलून हवी असेल तर मापासाठी फक्त चिमणीचा घेर मोजून आणा. दिवाळीनंतर कामाची गर्दी होते, तेव्हा पिल्लांची बॅच टाकण्याच्या आठ-दहा दिवस आधी सांगा.