तेवोद्रोस, दुसरा

तेवोद्रोस, दुसरा : (सु. १८१८–१३ एप्रिल १८६८). इथिओपियाचा सम्राट (कार. १८५५–६८). ब्रिटिश कागदपत्रांत ‘थिओडोर’. मूळ नाव कासा हैलू. जन्म ताना सरोवराच्या पश्चिमेस क्वारा भागात. वडील तेथील सरदार घराण्यातले. आईच्या कुळाबाबत मात्र एकमत नाही. ती कोसो विकत असे, असे शत्रू हिणवीत. अनुकूल वृत्तांत तिला कुलीन ठरवतात. कोसो हे एका डोंगरी झाडाच्या वाळलेल्या फुलांचे पट्टकृमी पाडणारे औषध. कच्चे मांस खाण्याच्या रिवाजामुळे ते घरोघरी लागे, पण ते विकणे हलके समजले जाई. बायबलमधील राजा सॉलोमनच्या वंशाचा असल्याचा (इथिओपियाचे सम्राट हे कूळ सांगत) त्याचा दावा राज्यप्राप्तीनंतर जोर धरतो. तो राजकीय गरजेतून आला असावा.

१७६९ पासून खरी सत्ता प्रांतिक सरदारांकडे होती आणि सम्राट नामधारी होते. कासाने अशा प्रबळ सरदारांपैकी रास (सरदारी किताब) अलीला १८५३ मध्ये आयशाल येथे व उत्तरेकडील वुबेला फेब्रुवारी १८५५ मध्ये देरास्गे येथे हरवले. राज्याभिषेक बहुधा त्याच महिन्याच्या ११ तारखेस झाला. त्याच वर्षी त्याने दक्षिणेकडील शोआ राज्य जिंकून तेथील बालराजपुत्र मेनेलिकला कैदेत नेले (मेनेलिक १८६५ मध्ये निसटला). लूट बंद करून फौजेला पगार द्यायचा, तर चर्चच्या जमिनींना हात घालणे भाग होते. त्यातून धर्मगुरूंशी वैर आले आणि बंडे वाढली.

तोफा : देब्रे ताबोरजवळील गाफात येथे युरोपीय मिशनरी कारागिरांकडून त्याने तोफा ओतवून घेतल्या. त्यांतली ‘सेवास्तोपोल’ ही उखळी तोफ सु. ७ टनांची. ऑक्टोबर १८६७ मध्ये देब्रे ताबोर जाळून तो तोफांसह मकदलाच्या डोंगरी किल्ल्याकडे निघाला. सरळ रेषेत अंतर सु. दीडशे किमी.; पण जिद्दा व बाशिलो नद्यांच्या खोल दऱ्या आडव्या. गाड्यांसाठी रस्ता आधी फोडायचा, चढाला शेकडो माणसांनी ओढायचे, उताराला मागून दोर धरायचे. पोहोचायला मार्च १८६८ उजाडला, आणि तोवर फौज विरून गेली होती.

ब्रिटिश मोहीम : १८६२ मध्ये व्हिक्टोरिया राणीला लिहिलेल्या पत्राचे उत्तर न आल्याने त्याने ब्रिटिश वकील (कॉन्सल) कॅमेरॉन व इतरांना बेड्या घातल्या. मोहिमेची जुळवाजुळव मुंबईत झाली. मुंबई सैन्याचा सरसेनापती रॉबर्ट नेपिअर सु. १३,००० सैनिक (बहुसंख्य भारतीय) आणि जड तोफांसाठी ४४ हत्ती घेऊन तांबड्या समुद्रावरील झूला बंदरी उतरला. वाटेत चारा-धान्य खरेदी करताना अडचण नाण्यांची. लोक १७८० चा शिक्का असलेला मारिया तेरेसा थालर हे ऑस्ट्रियन चांदीचे नाणेच घेत. मुकुटावरचे व खांद्यावरचे मणी स्पष्ट दिसले नाहीत, तर नाणे परत करीत. शेवटी व्हिएन्नाच्या टांकसाळीत नवे पाडून घ्यावे लागले. वाटेवरील तिग्रे व लास्ता या प्रांतांतील सरदारांनी वाट दिली नसती, तर हा पल्ला (सु. ६४० किमी.) गाठणे अवघड होते. ते सरदार सम्राटावर आधीच उलटले होते.

१० एप्रिल १८६८ रोजी मकदलाच्या पायथ्याजवळ आरोगे येथे ब्रिटिशांचा खेचरांचा तांडा असुरक्षित समजून सम्राटाचे लोक डोंगर उतरून आले. वरच्या तोफांचे गोळे खाली नेम न बसल्याने डोक्यांवरून गेले. एक मोठी तोफ जादा बार ठासल्याने फुटली. ब्रिटिशांच्या मागून भरायच्या स्नायडर बंदुकांपुढे इथिओपियाचे सु. ७०० लोक पडले. तीन दिवसांनी किल्ला पडताना सम्राटाने, राणीकडून भेट आलेल्या पिस्तुलाने, स्वतःवर गोळी झाडली.

मोहिमेचा खर्च सु. २० लाख पौंड धरला होता, झाला ८५ लाखांवर. भारतीय पलटणींचा नेहमीचा पगार भारताच्या तिजोरीतून गेला.

मूल्यमापन : समकालीन ब्रिटिश लेखकांनी त्याला माथेफिरू ठरवले, तर विसाव्या शतकातील इथिओपियन लेखनाने एकीकरणाचा आरंभकर्ता. दुसरे मत अधिक ग्राह्य दिसते; मात्र अखेरच्या वर्षांतील कत्तली व जुनी राजधानी गोंदरची जाळपोळ (१८६६) त्यामुळे पुसली जात नाही. मकदलाहून नेलेल्या हस्तलिखितांपैकी सु. ३५० लंडनमध्ये आहेत. तेथील लष्करी संग्रहालयाने सम्राटाचे केस २०१९ मध्ये परत दिले. विंडसर येथे पुरलेला पुत्र अलेमायेहू (मृत्यू १८७९) याचे अवशेष देण्यास राजघराण्याने २०२३ मध्ये नकार दिला.