‘तासगाव’मधला ‘स’ कुठे तुटला?

सांगलीच्या मार्केट यार्डातील एका अडत दुकानाची हळदीच्या पट्ट्यांची मोसमभराची यादी नोड जेएसमध्ये (जावास्क्रिप्ट भाषेतले प्रोग्रॅम चालवणाऱ्या साधनात) लिहिलेल्या प्रोग्रॅममधून छापली, तेव्हा हजारो ओळींत एकाच ठिकाणी ‘तासगाव’मधला ‘स’ गायब होता आणि त्या जागी काळ्या चौकोनातील तीन प्रश्नचिन्हे आली होती. ‘फॉन्ट खराब झाला’, असे निदान लगेच झाले. पण दोष फॉन्टचा असता, तर प्रत्येक ‘स’ बिघडायला हवा होता. ‘सांगली’ आणि ‘सावळज’ मात्र जागच्या जागी धडधाकट होती.

फाइलमध्ये अक्षरे नसतातच. ० ते २५५ मधील संख्या असतात आणि अशा एका संख्येला बाइट म्हणतात. जगभरच्या लिप्यांतील अक्षरांना क्रमांक देणाऱ्या युनिकोड या प्रमाणकाने ‘स’ला दिलेला २३६० हा क्रमांक एका बाइटमध्ये मावत नाही. केन थॉम्पसन आणि रॉब पाइक यांनी १९९२ मध्ये आखलेल्या यूटीएफ-८ पद्धतीत त्याची वाटणी अशी होते: २३६० ला ६४ ने भागले की भागाकार ३६ आणि बाकी ५६, दोहोंत १२८ मिळवले की १६४ आणि १८४ हे मागचे दोन बाइट मिळतात व त्यांच्यापुढे २२४ बसतो. यातली खुबी अशी, की २२४ दिसला की तीन बाइटांचे अक्षर सुरू झाले हे कळते, आणि १२८ ते १९१ मधील बाइट दिसला की तो कोणाच्या तरी शेपटीचा आहे हे कळते.

आता नोडकडे वळू. मोठी फाइल प्रवाहाने, म्हणजे तुकड्यातुकड्याने, वाचताना नोड एरवी एका वेळी ६५,५३६ बाइट उचलतो आणि ‘बफर’ या तात्पुरत्या साठ्यात ठेवतो. हे माप मोजून कापलेले असते, अक्षर बघून नव्हे. ६५,५३६ ला ३ ने भागल्यास बाकी १ उरते, म्हणजे निव्वळ देवनागरी मजकूर असेल तर पहिल्याच तुकड्याच्या टोकाला अक्षर तुटणार. मोकळ्या जागा आणि ओळींचे शेवट एकेक बाइट खात असल्यामुळे प्रत्यक्षात ते कधी तुटते, कधी वाचते, आणि दहा ओळींच्या चाचणीत तर हा दोष दिसतच नाही. आमच्या यादीत पहिला तुकडा २२४ वर संपला होता. प्रत्येक तुकड्याचा मजकूर वेगवेगळा केल्यामुळे एकट्या २२४ चे एक प्रश्नचिन्ह झाले आणि पुढच्या तुकड्यात पोरके पडलेल्या १६४ व १८४ यांची दोन. नोडने कुरकुर केली नाही. असा मजकूर पुन्हा जतन केला, की प्रत्येक चिन्हाच्या जागी २३९, १९१, १८९ लिहिले जातात आणि मूळ ‘स’ त्या फाइलमधून कायमचा जातो.

उपाय एका ओळीचा आहे. प्रवाहावर ‘सेटएन्कोडिंग’ने यूटीएफ-८ ठरवून दिले, की आतला ‘स्ट्रिंगडिकोडर’ अर्धवट बाइट राखून ठेवतो आणि पुढचा तुकडा आल्यावर जोडतो.

यावर एका हितचिंतकाने ‘सगळे बेस-६४ मध्ये घाला, सुरक्षित राहील’ असा सल्ला दिला. बेस-६४ ला कुलूप समजणे ही आपल्याकडची जुनी अंधश्रद्धाच म्हणायची. त्याला किल्ली नसते, कोणीही उलटे वाचू शकतो. ती पद्धत फक्त तीन बाइटांचे २४ बिट (बिट म्हणजे एक ० किंवा १; एका बाइटात आठ) सहा-सहांच्या चार गटांत वाटते व प्रत्येक गटाला ६४ चिन्हांपैकी एक देते, म्हणून आपल्या ‘स’चे ‘चार, के, एस, चार’ होते आणि मजकूर एक तृतीयांशाने फुगतो. शिवाय तिचेही माप तीनचेच, त्यामुळे ६५,५३६ चे तुकडे सुटे-सुटे बेस-६४ केले, तर उरलेल्या त्याच एका बाइटापायी मजकुराच्या मध्येच अपुरा गट भरून काढणारी दोन बरोबर-चिन्हे (=) येऊन बसतात.