पाळणाघराचा हक्क

सहा वर्षांखालील मुलांचे संगोपन, पोषण आणि पूर्वप्राथमिक शिक्षण ही सरकारची व मालकाची कायदेशीर जबाबदारी ठरावी, यासाठी भारतात सुमारे शंभर वर्षे चाललेले प्रयत्न. कामगार संघटना, बालशिक्षणातील कार्यकर्ते, स्त्रियांच्या संघटना आणि अलीकडे अंगणवाडी सेविका यांनी हे प्रयत्न केले. ‘पाळणाघर’ हा शब्द आज शहरी नोकरदार आईवडिलांच्या सोयीशी जोडला जातो. या मागणीचा उगम मात्र मजूर बाईच्या कामाच्या जागी आहे.

सुरुवात मुंबईच्या गिरण्यांतली. पहिल्या महायुद्धानंतर झालेल्या पाहण्यांत गिरणीत जाणाऱ्या बाया तान्ह्या मुलांना अफूची ‘बाळगोळी’ देत असल्याची नोंद आहे. गोळी दिली की मूल चाळीतल्या खोलीत दिवसभर गुंगीत पडून राही. यात आईचे निर्दयपण शोधणे अन्यायाचे आहे. मूल सांभाळायला घरी कोणी नव्हते, आणि खाडा झाला की पगार कापला जाई. मातृत्व लाभाचे विधेयक मुंबई विधिमंडळात आले तेव्हा, 1928 साली, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याला पाठिंबा दिला. प्रसूतीच्या आधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणे राष्ट्राच्या हिताचे आहे, म्हणून या खर्चाचा मोठा वाटा सरकारने उचलला पाहिजे, अशी त्यांची मांडणी होती. 1929 साली झालेला मुंबई प्रांताचा कायदा हा देशातील अशा प्रकारचा पहिला कायदा. मात्र त्याचा भार मालकांवरच राहिला. खर्च कोणी उचलायचा, हा वाद तिथून पुढे प्रत्येक कायद्याच्या वेळी उभा राहिला.

स्वातंत्र्यानंतरच्या कामगार कायद्यांत पाळणाघर आले, पण डोकी मोजून. 1948 च्या कारखाने अधिनियमाच्या कलम 48 ने पन्नासहून अधिक स्त्री कामगार असलेल्या कारखान्यात सहा वर्षांखालील मुलांसाठी खोली सक्तीची केली. 1976 च्या दुरुस्तीने ही संख्या तीसवर आणली. मळे कामगार (1951), विडी कामगार (1966) आणि बांधकाम कामगार (1996) यांच्या कायद्यांतही अशाच तरतुदी होत्या; हे कायदे नोव्हेंबर 2025 मध्ये नव्या श्रमसंहिता लागू होईपर्यंत चालू होते. म्हणजे मुलाचा हक्क त्याच्या स्वतःच्या गरजेवरून ठरत नव्हता. आईबरोबर आणखी किती बाया हजेरीपटावर आहेत, त्यावर ठरे. कारखान्यात तीसच बाया कामावर असतील, तर कलम लागू होत नसे. बांधकामावर मजूर निरनिराळ्या ठेकेदारांत विभागलेले असतात, आणि त्यांच्या कायद्यातला पन्नास बायांचा आकडा कागदावर भरतच नसे. ऊसतोडीत तर नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ धरला जातो. उचल कोयत्याला मिळते, हिशोब कोयत्याचा होतो. जिथे बाई वेगळी मोजलीच जात नाही, तिथे तिच्या मुलासाठी कुठला आकडा लावायचा? थंडीत पहाटे फडाच्या बांधावर झोपवलेली मुले या सगळ्या कलमांच्या बाहेर राहतात.

या उणिवेवर प्रत्यक्ष कामातून बोट ठेवले ते मोबाइल क्रेशेस या संस्थेने. 1969 साली दिल्लीत राजघाट परिसरात गांधी जन्मशताब्दीच्या प्रदर्शनाचे बांधकाम चालू होते. तिथे मातीत पडलेली मजुरांची मुले पाहून मीरा महादेवन यांनी तंबूत पाळणाघर सुरू केले. बांधकाम हलले की पाळणाघरही हलायचे. पुढे मुंबई-पुण्याच्या बांधकामांवरही हे काम पोचले. कामगार नेत्या इला भट्ट यांच्या अध्यक्षतेखालील आयोगाचा ‘श्रमशक्ती’ अहवाल 1988 साली आला आणि असंघटित स्त्रियांच्या प्रश्नांत बालसंगोपनाला जागा मिळाली. त्यानंतरच्याच वर्षी अनेक संस्थांनी मिळून पाळणाघर व बालसंगोपनाच्या मागणीसाठी ‘फोर्सेस’ हे व्यासपीठ उभारले. रोजगार हमीच्या 2005 च्या केंद्रीय कायद्यात कामावर पाच किंवा अधिक लहान मुले असतील, तर त्यांना सांभाळायला एका बाईला नेमून पूर्ण मजुरी द्यावी, अशी तरतूद केली गेली. इथे बायांऐवजी मुले मोजली गेली, आणि मूल सांभाळणे हे मजुरीचे काम ठरले. आतापर्यंतच्या तरतुदींत ही सर्वांत समजूतदार म्हणावी लागेल, अंमलबजावणी कितीही तुटपुंजी असली तरी.

दुसरी वाट शिक्षण आणि पोषणाची. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 साली डहाणूजवळच्या बोर्डीला ग्राम बालशिक्षणाचे काम सुरू केले व पुढे ते कोसबाडला नेले. पाड्यावरची मुले बालवाडीत येत नाहीत, तर बालवाडीच त्यांच्या अंगणात न्यावी, हा त्यांचा प्रयोग. अंगणवाडी हे नाव पुढे 2 ऑक्टोबर 1975 रोजी सुरू झालेल्या एकात्मिक बाल विकास सेवा योजनेमुळे देशभर गेले. पण योजना म्हणजे कायदा नव्हे. अन्न अधिकाराच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 2001 पासून आदेश दिले आणि 2006 साली अंगणवाड्यांची संख्या 14 लाखांवर नेण्यास सांगितले, तेव्हा कुठे प्रत्येक वस्तीला अंगणवाडी मागता येऊ लागली. 2013 च्या अन्न सुरक्षा कायद्याने तिथल्या आहाराला कायद्याचा आधार दिला. त्याच कायद्यात गरोदर व स्तनदा मातेला किमान 6,000 रुपये देण्याची तरतूद आहे. त्यासाठीची केंद्राची मातृवंदना योजना 2017 साली आली ती पहिल्या अपत्यापुरती आणि 5,000 रुपयांची.

राज्यघटनेत या वयाची मुले एकदा होती, मग वगळली गेली. मूळ अनुच्छेद 45 मध्ये चौदा वर्षांपर्यंतच्या सर्व मुलांचा उल्लेख होता. 2002 च्या 86 व्या दुरुस्तीने शिक्षण हा मूलभूत हक्क केला, पण 6 ते 14 या वयासाठी. त्याहून लहान मुलांसाठी राज्याने ‘प्रयत्न करावा’ एवढेच उरले. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याचे कलम 11 ही पूर्वप्राथमिक शिक्षणाबाबत सक्ती करत नाही. विधी आयोगाने ऑगस्ट 2015 मध्ये आपल्या 259 व्या अहवालात 24अ हा नवा अनुच्छेद सुचवला: सहा वर्षांखालील प्रत्येक मुलाला संगोपनाचा मूलभूत हक्क. चळवळीची इतक्या वर्षांची मागणी इतक्या नेमक्या शब्दांत पहिल्यांदाच सरकारी कागदावर आली, पण तिचे घटनादुरुस्तीत रूपांतर झालेले नाही.

2017 च्या मातृत्व लाभ दुरुस्तीने पगारी रजा 26 आठवड्यांची केली आणि पन्नास किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना पाळणाघर बंधनकारक केले. यात स्त्री-पुरुष सगळे मोजले जातात, हा मोठा बदल. मालकाने बाया कमी ठेवल्या म्हणून सुटका होत नाही. मात्र आईला दिवसातून चार वेळा मुलाकडे जाण्याची मुभा दिली. बापाचा उल्लेख नाही.

मुले सांभाळणाऱ्या बायांचा प्रश्न यापासून वेगळा काढता येत नाही. अंगणवाडी सेविका आणि मदतनीस यांना पगार नव्हे, ‘मानधन’ मिळते. महाराष्ट्रात त्यांनी 2017 साली आणि पुन्हा डिसेंबर 2023 पासून दीर्घ संप केले. वेतनश्रेणी, निवृत्तिवेतन आणि सरकारी कर्मचाऱ्याचा दर्जा या त्यांच्या मुख्य मागण्या. एप्रिल 2022 मध्ये गुजरातमधील एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने त्यांना ग्रॅच्युइटी लागू असल्याचा निर्णय दिला. सेविका अन्न सुरक्षा आणि शिक्षण हक्क या कायद्यांनी नेमून दिलेले काम करतात, हे न्यायालयाने त्यात मान्य केले.

अंगणवाडी काही तास चालते आणि तिथला वर्ग तीन वर्षांपुढच्या मुलांचा असतो. तीन वर्षांखालचे मूल आईच्या कामाच्या पूर्ण वेळेत कोणी सांभाळायचे, यासाठी केंद्राने 2022 पासून ‘पालना’ योजनेखाली अंगणवाडीलाच पाळणाघर जोडायला सुरुवात केली. ती योजना आहे, कायदा नाही.